सगळ्यांनी उलटलेली पानं

“ती मधली शास्त्राची पानं मी सरळ उलटली बाई,” अध्यक्षीणबाई हसत हसत म्हणाल्या, आणि हॉलमधल्या सगळ्या बायका “मीपण, मीपण” करत त्यांच्या हसण्यात सामील झाल्या. माझ्या रागाची सुरुवात तिथली. माणसानं वयाबरोबर निवावं म्हणतात. माझं उलटंच झालं. नोकरीत होते तोवर रागवायला वर्गभर मुलं होती. निवृत्त झाले, मुलं गेली आणि राग तेवढा माझ्याजवळ राहिला.

आधी हा हॉल आणि ह्या बायका सांगते. आमची कॉलनी कळंब्याच्या वाटेवर आहे आणि कॉलनीत पुस्तकांची भिशी चालते. कोल्हापुरात भिशीवाचून कुणाचं पान हलत नाही. बायकांची भिशी असते, तालमीतल्या पोरांची असते, नुसत्या मटणाचीही असते. आम्ही पुस्तकांची काढली. महिन्याला सगळ्यांनी थोडे थोडे पैसे घालायचे, डब्यातून चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिनं पुस्तक निवडायचं. त्याच्या दोन-तीन प्रती आणून घरोघर फिरवायच्या आणि पुढच्या खेपेला जमून प्रत्येकीनं आपलं मत सांगायचं. मत सांगितल्याशिवाय भडंग मिळत नाही असा नियम आहे. नियम चांगला आहे. मतं चांगली नसतात, त्याला नियम तरी काय करणार.

मी जन्मभर कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, आधी गडहिंग्लजला आणि मग इथे. कॉलनीत तोंडावर मला ‘मॅडम’ म्हणतात आणि पाठीमागे ‘जंतूबाई’. मला ते ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक आहे.

त्या महिन्यात चिठ्ठी निघाली माझ्या शेजारणीची. ती मूळची गडहिंग्लजकडचीच, म्हणून मला ‘अक्का’ म्हणते. तिला स्वतःला वाचनाचा कंटाळा. पण तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, पुण्यात कॉम्प्युटरवर काम करणारी, हुशार, आणि सुजलेले पाय उशीवर टेकवून दिवसभर छताकडे बघून वैतागलेली. शेजारीण म्हणाली, तूच निवड. पोरीनं निवडली ती एक जाडजूड थरारक कादंबरी.

गोष्ट अशी होती. राज्याच्या राजधानीत निवडणूक तोंडावर आलेली असते आणि शहरात कावीळ सुरू होते. सरकारी प्रयोगशाळेतल्या एका बाईला कळतं की पिण्याच्या पाण्यात गटार मिसळतंय. मंत्र्याला मतदान होईपर्यंत हे दाबायचं असतं. मग पाठलाग, फोन चोरून ऐकणं, हेलिकॉप्टर, सगळं. दर दोन पानांनी प्रकरण संपतं आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कुणीतरी दार ठोठावतं. मला हा प्रकार मुळीच आवडत नाही. पण मध्ये चार-पाच पानं होती, जिथे ती बाई नुसती बसून विचार करते. पाण्याचा उपसा जोरात झाला की आजूबाजूची घाण आत कशी ओढली जाते, पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत असूनही त्यात काय काय असू शकतं, आणि जी कावीळ इतरांना महिनाभर अंथरुणात टाकते तीच शेवटच्या महिन्यांतल्या गर्भार बाईचा जीव कसा घेऊ शकते. लेखक कोण कुठला मला माहीत नाही, पण त्यानं अभ्यास केला होता. एक ओळ चुकीची नव्हती. मी लाल पेन घेऊनच वाचायला बसले होते, ते तसंच टोपण लावून ठेवलं.

शेजारच्या पोरीनंही ती पानं वाचली. कंपाउंडच्या भिंतीला कोपर टेकून तिनं मला विचारलं, “मावशी, हे खरं असतं? गर्भार बाईचं?”

“खरं असतं,” मी म्हणाले.

“मग आपली विहीर?”

आता विहिरीचं सांगायला हवं. कॉलनी व्हायच्या आधी इथे मळा होता. मळ्याचे प्लॉट पडले, विहीर तेवढी मोकळ्या जागेत राहिली. वर्षभर तिचं पाणी झाडांना जातं. पण गणपतीतल्या महाप्रसादाला पाणी वापरायचं ते तिचंच, हा कॉलनीचा रिवाज. त्या दिवशी पहिली घागर पूजेची. हळदकुंकू, नारळ, हलगी वाजवत ती मांडवात न्यायची आणि आमटीत ओतायची. मग मोटर लावायची, ती दुपारपर्यंत बंद नाही. अख्ख्या कॉलनीचा आणि आल्यागेल्याचा स्वयंपाक, पिण्याची पिंपं, मठ्ठा, भांडी, सगळं तिच्यावर. आमच्या आमटीला जी चव आहे ती पलीकडच्या कॉलनीच्या आमटीला येत नाही ती ह्याच पाण्यामुळे, असा सगळ्यांचा विश्वास. मीही वर्षानुवर्षं ओरपत आले होते. पण गेल्या गणपतीनंतर विहिरीच्या मागं नवा अपार्टमेंट उभा राहिला आणि त्याच्या संडासांचा शोषखड्डा विहिरीला खेटून खणला गेला. अपार्टमेंट बांधणारा आमच्या गणपती मंडळाच्या अध्यक्षांचा साडू. महाप्रसादाचा शिरा दरवर्षी त्याच्यातर्फे असतो.

त्या पोरीनं विचारलं नसतं तर माझ्याही डोक्यात आलं नसतं. पाणी तपासायच्या छोट्या बाटल्या मिळतात. त्यात पाणी भरून उबेला ठेवायचं. पाणी आहे तसं राहिलं तर ठीक, काळं पडलं तर त्यात मैला मिसळलाय असं समजायचं. माझा एक जुना विद्यार्थी केमिकलचं दुकान चालवतो, त्याच्याकडून बाटल्या आणल्या. एक नळाच्या पाण्यानं भरली, एक विहिरीच्या, आणि दोन्ही टॉवेलात गुंडाळून फ्रिजच्या मागे ठेवल्या. नळाची तशीच राहिली. विहिरीची शाईसारखी काळी झाली. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरं वाटलं. आपलं शास्त्र बरोबर निघालं की मास्तर माणसाला बरं वाटतंच. मग भिंतीपलीकडून पोरीचा आवाज आला, ती आईला म्हणत होती, यंदा महाप्रसादाला दोनदा मठ्ठा घेणार, पुण्यात तसला मिळत नाही. माझं बरं वाटणं तिथेच संपलं.

भिशीला गेले ती काळी बाटली पर्समध्ये घालूनच. म्हटलं, सगळ्या बायका हेच पुस्तक वाचून येणार आहेत, समजावून सांगायला काही उरणारच नाही. उभ्या नोकरीत मला इतका तयार वर्ग मिळाला नव्हता. काय ही माझी अक्कल!

“वेगवान आहे,” पहिली म्हणाली आणि तिनं भडंगाची वाटी ओढली. तिचं मत संपलं.

दुसरी म्हणाली, “मी एका बैठकीत संपवलं. गॅसवर दूध उतू गेलं, पण उठले न्हाय.”

मग मंत्री कोण ह्यावर जुंपली. एकीचं म्हणणं, हा विरोधी गटाच्या साहेबांवर बेतलाय. दुसरीचं म्हणणं, विरोधी कसला, हा तुमच्याच साहेबांवर लिहिलाय, चष्म्यापासून सगळं जुळतंय. कोल्हापुरात देव सोडून सगळं दोन गटांत वाटलेलं आहे, आणि देवाचंही मी खात्रीनं सांगत नाही. बराच वेळ त्यातच गेला. मंत्री काय करतो ह्याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं, तो कुणाचा एवढंच ठरवायचं होतं.

तिसरी म्हणाली, “ती नायिका फार ओरडते. शांतपणानं सांगितलं असतं तर ऐकलं नसतं का लोकांनी?”

आणि मग अध्यक्षीणबाईंचं ते वाक्य. हॉल त्यांचाच, त्या मंडळाच्या अध्यक्षांच्या पत्नी, म्हणून आम्ही त्यांना तसं म्हणतो. शास्त्राची पानं त्यांनी उलटली. सगळ्यांनी उलटली. “त्यानं काय बिघडत न्हाय की,” एकीनं सांगितलं, “गोष्ट कळती.”

मी म्हणाले, “अहो, तीच गोष्ट आहे. बाकी सगळं पळापळ आहे.”

“मॅडम, तुम्ही शिकवायला लागू नका बरं का,” अध्यक्षीणबाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या.

पोरगी आईबरोबर आली होती, पाय स्टुलावर ठेवून कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, “मी ती पानं दोनदा वाचली. मला सगळ्यात भीती तिथेच वाटली.”

झालं! हॉलभर कुजबुज झाली. पोटुशीनं असलं वाचू नये. ह्या दिवसांत चांगलंचुंगलं वाचावं, देवाचं ऐकावं, पोटातल्या जीवावर परिणाम होतो. शेजारीण अगदी कानकोंडी झाली. म्हणाली, “न्हाय हो, मी घेतीय आता काढून तिच्याकडनं.” आणि तिथल्या तिथे तिनं पोरीच्या मांडीवरचं पुस्तक उचलून आपल्या पिशवीत घातलं.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. “असलं वाचू नये,” मी म्हणाले, आणि माझा आवाज वर्गातला झाला, “पण असलं पाणी प्यावं, नाही का?” आणि पर्समधून बाटली काढून भडंगाच्या परातीशेजारी ठेवली.

“हे काय?”

“आपल्या विहिरीचं पाणी. काळं पडलंय ते मैल्यामुळं. परवा हेच पाणी आपण पिंपात भरणार आहोत.”

सगळ्या बाटलीकडे वाकल्या. मला वाटलं, आता उजेड पडला. मग अध्यक्षीणबाई उठल्या, त्यांनी परात उचलून बाजूला घेतली आणि म्हणाल्या, “खायच्या जागी हे कशाला ठेवलंत मॅडम? किळस येती की.” एकीनं विचारलं, बाटलीत आधीपासून काळं कशावरून नव्हतं. दुसरीनं सांगितलं, उकळल्यावर सगळं मरतं. मी म्हणाले, आमटी-भात उकळतो, त्याला माझी हरकत नाही. पिंपातलं पाणी कोण उकळतं? मठ्ठा कोण उकळतं? वरून पेरायची कोथिंबीर कशानं धुता? त्यावर दूध उतू घालवणारी बाई समजुतीच्या सुरात म्हणाली, “मॅडम, तुम्ही आता पुस्तकातनं बाहेर या. असं खरं कुठं घडतंय होय?”

पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय. आणि तेही विहिरीचं.

मी गप्प बसणारी असते तर जंतूबाई कशाला झाले असते. संध्याकाळी अध्यक्षांना मांडवातच गाठलं. ते खुर्चीत बसून लायटिंगवाल्याला सूचना देत होते. मला बघून उठले, चहा मागवला. मान देण्यात आमची माणसं कधी कमी पडत नाहीत.

“मॅडम, ह्या विहिरीचं पाणी पिऊन आमची पोरं तालमीत उतरली. कुणाला कधी कायबी झालेलं न्हाय.”

“तेव्हा शेजारी शोषखड्डा नव्हता.”

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. आवाज खाली आला. “आता हे हितं बोलायचं काम न्हाय. पलीकडच्या कॉलनीला आयतं कोलीत मिळंल. यंदा त्यांच्यापेक्षा आपला महाप्रसाद मोठा हाय. विसर्जन होऊ द्या, मग बघू की.”

“विसर्जनानंतर बघून काय उपयोग? टँकर मागवा.”

“देवाच्या कामाला विकतचं पाणी? मॅडम, पहिली घागर विहिरीचीच. त्यो मान हाय.” आणि मग हसून, “ते पुस्तक मीबी वाचलं बरं का. मंत्री लई बेरका दाखवलाय. मजा आली.”

हे त्यांनी मला ऐकवलं. तोंडावर. मी चहा तसाच ठेवून उठले.

घरी आमच्या ह्यांचं वेगळंच. बँकेतून निवृत्त झालेला शांत माणूस, त्यांनीही कादंबरी एका दमात वाचली होती. सगळं ऐकून म्हणाले, “तू सांगितलंस ना? तुझं काम झालं. आता त्यांचं ते बघतील.”

“त्या कादंबरीतली बाई असं म्हणून घरी जाऊन झोपली असती तर?”

“तर पुस्तक लवकर संपलं असतं,” ते म्हणाले. मी त्या रात्री त्यांच्याशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारणीकडे गेले. म्हटलं, बाकीच्यांचं जाऊ दे, तू तरी पोरीला तिथलं काही देऊ नकोस. तिचा चेहरा उतरला. “गणपतीचा प्रसाद नको म्हणू? आन् पहिलटकरणीला? अक्का, असलं अभद्र बोलू नगा वं. तुमच्याबद्दल मला आदर हाय, पण तुमचं हे कायतरीच हाय.”

तिचा मला राग आला नाही असं नाही. फार आला. पोरीला कुणाची दृष्ट लागू नये म्हणून रोज संध्याकाळी मीठमोहऱ्या ओवाळणारी ही बाई. दिसत नाही त्या दृष्टीवर तिचा विश्वास होता आणि बाटलीत काळं दिसत होतं त्यावर नव्हता. पोरगी मला सोडायला फाटकापर्यंत आली, एका हातानं कंबर धरून. म्हणाली, “मावशी, मी नाही खाणार. पण आई ताट घरी आणून माझ्यासमोर बसेल, मी एकेक घास गिळेपर्यंत. तुम्हाला माहीत आहे ती कशी आहे.” मग फाटकाची कडी काढत, “आणि मी नाही प्यायले तरी बाकीचे पिणारच ना?”

त्या वाक्यावर माझं ठरलं.

आमच्या लहानपणी पटकीची साथ आली की गावच्या विहिरीत जांभळे खडे टाकत. पोटॅशियम परमँगनेट. पाणी गडद गुलाबी-जांभळं व्हायचं आणि आम्ही पोरं काठावर पडून बघत बसायचो. आता ते कुणी फारसं वापरत नाही, त्याहून बरी औषधं आली आहेत. पण त्या बऱ्या औषधांना रंग नाही, आणि एवढ्या दिवसांत मला एक गोष्ट कळली होती. डोळ्यांना दिसल्याशिवाय ह्या लोकांना काही पटत नाही. त्याच विद्यार्थ्याच्या दुकानात गेले. “मॅडम, एवढं? विहिरीत टाकायचंय काय?” तो हसत म्हणाला. मी म्हणाले, हो. तो आणखी हसला.

महाप्रसादाच्या सकाळी मी रेशमी साडी नेसून विहिरीवर हजर होते. पहिली घागर निघाली. तिची पूजा झाली, मीही हळदकुंकू वाहिलं. माझं देवाशी भांडण नाही. ती घागर आमटीत जाऊन उकळणार होती, म्हणून तिच्याबद्दल माझी तक्रारही नव्हती. हलगीच्या मागं सगळी मिरवणूक मांडवाकडे गेली, आरती सुरू झाली, स्पीकर करकरायला लागला. विहिरीवर मी एकटीच उरले. पिशवी उघडली आणि सगळे खडे आत सोडले. दोरीची बादली खाली टाकून चांगली वरखाली केली. पाण्यातून जांभळ्या रेघा पसरत गेल्या, मग त्या एकमेकींत मिसळल्या आणि अख्खी विहीर जांभळाच्या रसासारखी झाली. मला चोरी केल्यासारखं मुळीच वाटलं नाही. फार दिवसांनी प्रयोग जमल्यासारखं वाटलं.

आरती संपल्यावर आचाऱ्याच्या माणसानं मोटर चालू केली. पिंपात धार पडली आणि आचारी कमरेवर हात ठेवून बघतच राहिला. तो बाहेरगावचा होता. मला म्हणाला, “ओ बाई, ह्यो कसला रंग म्हणायचा?”

“औषध आहे,” मी म्हणाले. “मी टाकलंय. ह्या पाण्यानं काही करू नका.”

मग जे झालं ते सांगण्यासारखं नाही, पण सांगते. मांडव रिकामा झाला आणि सगळे विहिरीभोवती. कुणी म्हणालं गणपतीच्या पाण्यात विष कालवलं. मी म्हणाले, “विष आधीच होतं, मी औषध टाकलं.” कुणी म्हणालं, पलीकडच्या कॉलनीनं पैसे चारले. अध्यक्षीणबाई रडायला लागल्या. एकजण पोलिसांना बोलवा म्हणाला, तेव्हा मी म्हणाले, बोलवा, मलाही बाटली दाखवायचीय, आणि शोषखड्डाही. अध्यक्ष मुरलेला माणूस. त्यांनी साडूकडे बघितलं, साडूनं जमिनीकडे. पोलिसांचा विषय तिथेच संपला. आमचे हे गर्दीच्या मागे उभे होते, टोपी हातात घेऊन, आणि मला वाटलं आता तेही काहीतरी शहाणपणाचं बोलणार. ते पुढे आले आणि एवढंच म्हणाले, “टँकरवाल्याचा नंबर माझ्याकडे आहे.”

थोड्या वेळानं स्पीकरवर अध्यक्षांचा आवाज आला: तांत्रिक अडचणीमुळे महाप्रसादाला उशीर होत आहे, भाविकांनी सहकार्य करावे. टँकर आला. पिंपं भरली. पंगती दुपार कलल्यावर बसल्या. शेजारच्या पोरीनं दोनदा मठ्ठा घेतला, मी लांबून बघितलं. मला वाढायला कुणी आलं नाही. मी घरी येऊन पिठलं टाकलं.

कॉलनीत कुणीही आजारी पडलं नाही. आणि हीच माझी पंचाईत झाली. चार माणसं पिवळी झाली असती तर जंतूबाई खरं बोलत होती म्हणाले असते. कुणालाच काही झालं नाही, म्हणजे काही नव्हतंच. “बघा, उगीच तमाशा केला,” असं सगळ्यांचं मत पडलं. टँकरचं पाणी प्यायले होते हे कुणाच्या ध्यानातच नाही. हे आठवलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. आमचे हे सकाळी फिरायला जातात, तिथून माझ्याबद्दलची मतं गोळा करून आणतात. वेग चांगला होता, पण फार ओरडते, असं एक आलं. ते सांगताना हे हसले. मीही हसले, नाइलाजानं.

पुढच्या महिन्यात भिशी झाली, मला निरोप आला नाही. डब्यातून माझ्या नावाची चिठ्ठीच काढून टाकली होती. त्या थरारक कादंबरीला मात्र वर्षातलं सगळ्यात आवडलेलं पुस्तक म्हणून सगळ्यांनी हात वर केले म्हणे. शेजारीण भिंतीवरून बोलायची बंद झाली. पापड वाळत घालायची, तेही माझ्याकडे पाठ करून. विहिरीचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही, शोषखड्डा आहे तिथेच आहे.

पोरगी सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. रात्री भिंतीपलीकडून रडण्याचा आवाज आला की मी कूस बदलून ऐकत पडायचे. बारशाचं आमंत्रण अख्ख्या कॉलनीला होतं. अध्यक्षीणबाई पाळण्याला फुलं बांधायला सकाळपासून आल्या होत्या. मला बोलावणं नव्हतं. आमच्या ह्यांना एकट्यांना आडून विचारलं होतं, ते नाही म्हणाले. मी नळाखाली भांडी आदळत होते.

तेवढ्यात फाटकाशी एक टेम्पो थांबला. ड्रायव्हर उतरून म्हणाला, “मावशी, बारशाचं घर ह्येच न्हवं? पाण्याचे जार आणल्यात.”

टेम्पोत मागे सील केलेले निळे जार होते. एकावर एक रचलेले, पिण्याला, सरबताला, सगळ्या पाहुण्यांना पुरतील एवढे. मी हात पुसत बाहेर आले आणि बघतच राहिले. शेजारीण दारात येऊन उभी राहिली होती. तिनं मला बघितलं. मी तिला बघितलं. तिनं नजर खाली घातली आणि आत वळली. काय बोलायचं ते मला बरंच सुचत होतं, जिभेवर सगळं तयार होतं.

“शेजारचं घर,” मी ड्रायव्हरला म्हणाले. “आणि हे बघ, सगळे दारातल्या मांडवात ठेवू नकोस. एक आत स्वयंपाकघरात नेऊन दे. त्यांना म्हणावं, कोथिंबीरसुद्धा त्यातल्याच पाण्यानं धुवा.”